ॲलीचे चार यार्ड

अलॉयशस यांकुनिसला ब्लॅकरिज गावात सगळे ॲली म्हणत. आठवडाभर तो शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायचा आणि शनिवारी ब्लॅकरिज ब्रेकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पुढच्या फळीत उभा राहून माणसं ढकलायचा. त्या फळीतल्या गड्याने ढकलायचंच असतं. चेंडू घेऊन पळणारे आणि फोटोत येणारे वेगळे. ॲलीची उमेदीची वर्षं या ढकलाढकलीत गेली, पण चेंडू गोलरेषेपलीकडे नेल्याचा एकही टचडाउन त्याच्या नावावर लागला नाही. १९६७च्या नोव्हेंबरात संघाच्या मालकाने, म्हणजे बिअरच्या ठोक व्यापाऱ्याने, जाहीर केलं की शेजारच्या पाइन हॉलो गावाविरुद्धचा सामना शेवटचा, संघ गुंडाळणार. ॲलीचं जेवणातलं लक्ष उडालं. शेजारचा कुत्रा मोकळा पळताना दिसला तरी हा त्याचा हेवा करतो, असं त्याची बायको वांडा सांगत सुटली.

ब्रेकर्सची एक अडचण होती. अर्धा संघ गावाच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. पंचही त्यातलाच. पाइन हॉलोचे गडीही त्यांच्या गावच्या दलात, आणि आग कुठल्याही गावात लागो, दोन्ही दलं धावत. आगीचा भोंगा वाजला की खेळ जागच्या जागी थांबे. बंब गोलरेषेच्या पलीकडे, कुंपणाबाहेर उभा असे, आणि तो चालवायचा ॲली.

सामना संपत आला असताना ब्रेकर्सच्या एका गड्याच्या हातून चेंडू निसटला, जमिनीवर आपटला आणि थेट ॲलीच्या पोटाशी आला. त्याच क्षणी भोंगा वाजला. पाइन हॉलोवाले पाठ फिरवून पळाले. समोर मोकळं मैदान. ॲली धावला, धापा टाकत धावला. पण गोलरेषा चार यार्डांवर आली आणि पायांनी सवयीने कुंपणाच्या खिंडाराची वाट धरली. मैदानाबाहेर पडून तो बंबावर चढला तेव्हा कुठे त्याला मांडीवरचा चेंडू दिसला.

चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळायची कढई पेटली होती. ती विझली. प्रेक्षकही बंबामागोमाग आले होते. ते वाचलेल्या पिरोग्या संपवायला तिथेच बसले. वर्तमानपत्राचा बातमीदारही बसला.

खेळाडू तेवढे मैदानावर परतले. पंचाने बंबवाल्याचं शिरस्त्राण न काढता चेंडू चार यार्डांच्या खुणेवर ठेवला. प्रशिक्षकाने ॲलीला फळीच्या मागे, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या जागी उभं केलं. नियमात बसतं का, असं पाइन हॉलोच्या कोणीतरी विचारलं. नियमांचं पुस्तक बंबात भिजलं, असं पंच म्हणाला.

समोर वांडाचा धाकटा भाऊ क्लेमेंट होता. तो पाइन हॉलोकडून खेळायचा.

"दाजी, ताईला काय वाटेल ते वाटो, मी तुम्हाला आडवा करणार."

"कर की. माझ्या लग्नात नाचताना दोनदा पडलास, आज तिसऱ्यांदा पड."

चेंडू मिळताच ॲली नाकासमोर निघाला. क्लेमेंट कमरेला लोंबकळला आणि घोरपडीसारखा लोंबकळतच गोलरेषेपलीकडे गेला. टचडाउन. बाकांवर टाळी वाजवायला कोणी नव्हतं.

ॲली चेंडू घेऊन तसाच तळघरात गेला. क्लेमेंट आधीच पोचून ताटाला बसला होता आणि वांडा ताटांवरची काजळी पुसत होती. तिने ऐकून घेतलं, नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साक्षीसाठी भावाकडे वळली.

क्लेमेंटने तोंडातली पिरोगी सावकाश गिळली.

"ताई, धूर फार होता. मला काही दिसलं नाही."