टोपीवरचं पान

माझ्या आत्याला सगळी गल्ली पिंपवाली म्हणते आणि तिला त्यात काडीचाही कमीपणा वाटत नाही. वय एकाहत्तर. गुडघे कुरकुरतात, पण ओकच्या फळ्या उचलताना कुणी मदतीला आलं की खेकसते. "पोरीच्या जातीला हा हातोडा झेपायचा नाही," असं तिचे वडील म्हणाले होते. तिने पहिलं पिंप बनवलं, काठोकाठ पाण्याने भरलं आणि बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं. आठवडाभर थेंब गळला नाही. आजोबांनी तो विषय परत काढला नाही.

तिच्या पिंपाला ना खिळा, ना सरस. नुसत्या फळ्या आणि लोखंडी पट्ट्या. लाकूडसुद्धा ती करवतीने कापत नाही, त्याच्या अंगच्या रेषेरेषेने फोडते. मग तीन वर्षं उन्हापावसात टाकून ठेवते. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणते, "ओकला घाई चालत नाही. तुम्हाला असेल तर प्लास्टिकचा ड्रम घ्या."

तिच्या पिंपांच्या कारखान्याच्या दारात, रस्त्याच्या कडेला, एक म्हातारा ओक आहे. बुंध्यात माणूस शिरेल एवढी ढोली. जन्मभर ओकवर पोट भरलेल्या या बाईने त्याची फांदीही कधी तोडली नाही. त्याच्या सावलीत ती काम शिकली.

आणि त्याच झाडाचा मृत्यूचा दाखला मी लिहिला! मी पालिकेच्या उद्यान खात्यात कारकून. हिवाळा सरत आला होता. आमचे साहेब गाडीतूनच झाड बघून आले. "पानं सगळी वाळलीत, बुंधा पोकळ. लिहा, मृत आणि धोकादायक." अहो, ती तपकिरी पानं मी लहानपणापासून दर हिवाळ्यात पाहत आलेय! पण साहेब म्हणाले, म्हणजे गेलं असेल झाड, असं मला वाटलं. साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली' या ओळीखाली मी मुकाट सही ठोकली. आजही सांगताना लाज वाटते.

आठवड्याने तोडायला माणसं गेली. कागद माझ्या हातात देऊन साहेबांनी मलाही सोबत नेलं. बघते तर काय, आत्या बुंध्याला पाठ लावून बसलेली आणि अर्धवट पिंपावर पट्टी ठोकत होती. गल्ली जमली होती.

"आजी, उठा. झाड मेलंय," साहेब म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"पानं बघा की."

"ओक आहे तो! नवा कोंब ढकलत नाही तोवर जुनं पान सोडत नाही." तिने नखाने डहाळी खरवडली. आत हिरवंगार. "आणि तुमच्या टोपीवर कसलं पान आहे हो?"

साहेबांचा हात टोपीकडे गेला. आमच्या खात्याच्या बिल्ल्यावर ओकचंच पान आहे. ताकदीचं चिन्ह म्हणे! गल्ली खो खो हसली.

साहेब चिडले. "आतून पोकळ आहे ते. बडा घर पोकळ वासा!"

आत्याने हाताशी असलेलं एक तयार पिंप उपडं घातलं. "चढा यावर."

"काय?"

"चढा हो. घाबरता काय?"

एवढ्या लोकांसमोर माघार कशी घेणार? साहेब चढले. चांगले शंभर किलोंचे असतील. पिंप करकरलंसुद्धा नाही.

"पोकळ आहे ना?" आत्या म्हणाली. "जन्मभर पोकळ वस्तूच बनवल्या मी. पोकळ म्हणजे कमजोर नव्हे, साहेब. आता उतरा, गिऱ्हाइकाचं आहे ते."

साहेब लालबुंद होऊन उतरले. "ते काही चालणार नाही. कागदावर मृत आहे, म्हणजे मृत. चालवा करवत!"

"तो कागद लिहिला कोणी?" आत्याने विचारलं.

"मी, आत्या. न बघता सही केली मी."

तिने हातोडा खाली ठेवला. माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्यापेक्षा हातोडा डोक्यात घातला असता तर बरं झालं असतं.

मी कागद पिंपावर ठेवला आणि 'मृत' या शब्दावर काट मारली.

"नोकरी नकोशी झाली का बाई?" साहेब ओरडले.

"पाहणी मी करायची होती ना? आज केली!" माझा आवाज एवढा चढतो हे मलाच ठाऊक नव्हतं. "काय करायचं ते करा!"

लाकूडतोड्याने करवत खाली ठेवली. "जिवंत झाड असेल तर मोठ्या साहेबांची सही लागते. त्याशिवाय मी हात लावणार नाही."

मी 'मृत'च्या शेजारी लिहायला पेन टेकवलं. आत्या उठली, गुडघा चोळत माझ्या खांद्यावरून डोकावली.

"जिवंत," ती म्हणाली. "आणि अक्षर मोठं काढ गं. साहेब गाडीतून वाचतात."