वीस मिनिटांचा लॅपटॉप

केनवडात विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती रुख्मिणीच्या ओसरीत आणून टाकतात. माहेरी, आसेगावला, तिचा भाऊ देवानंद मोटारी भरायचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. त्याच्या शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ती शिकली, आणि लग्न झाल्यावर कला सोबत घेऊन आली. नवरा पुंजाजी शेत पाहतो, ही मोटारी. आलेल्या माणसाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "बंद पडली तेव्हा तुमी काय करून राह्यले होते?" निम्मं दुखणं तिला त्या उत्तरातच कळतं.

यंदा तिच्यापुढे वेगळंच दुखणं आलं. मुलगी निकिता रिसोडच्या कॉलेजात भूगोल शिकते. गावातल्या अकरा विहिरींचं पाणी मोजायचं आणि जागेवरच लॅपटॉपवर नकाशा भरायचा, असं काम तिला मिळालं होतं. लॅपटॉप चुलतभावाचा, जुना. पहिली विहीर झाली की दुसरीच्या वाटेवरच तो मान टाकायचा.

"वीस मिनिटं चालते माय. कामाचा नाई हा," निकिता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मंग सांग, बंद पडला तेव्हा तू काय करून राह्यली होती?"

"काहीच नाई. आता तं घरीच गोधडीवर ठेवून टाइप करत होती."

रुख्मिणीने लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. "अवं, हा तर तापून राह्यला! गोधडीत याचा जीव गुदमरते."

तिने बॅटरी काढून बाजूला ठेवली, बारके स्क्रू एका वाटीत जमवले आणि खालचं झाकण उघडलं. पंख्यावर धुळीचा चांगला जाड थर बसला होता. मऊ ब्रशने तो साफ केला, झाकण आणि बॅटरी परत बसवली, लॅपटॉप सुरू करून लाकडी पाटावर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसली. पस्तीस मिनिटं. तिने वहीत वेळ लिहिली.

"आता आत काय काय चालू हाये ते वाचून दाखव."

निकिता वाचू लागली. चुलतभावाचे दोन गेम, गाण्यांचं काहीतरी, कुणीही न वापरलेली आणखी चार-पाच नावं. लॅपटॉप सुरू झाला की सगळी आपोआप उठून बसत होती. रुख्मिणीने एकेक बंद करायला लावलं, पडद्याचा उजेडही कमी करवला. पन्नास मिनिटं झाली. निकिता खूश झाली, पण आई काही खूश होईना. चाळीस टक्के दिसत असतानाच लॅपटॉप धाडकन बंद पडला होता.

"टाकी अर्धी दिसते अन् नळ कोरडा. टाकीतच गडबड हाये."

निकिताने मोबाईलवर शोधलं, तर बॅटरीचा अहवाल लॅपटॉपच काढून देतो असं निघालं. त्यात लिहिलं होतं: नवी होती तेव्हा अठ्ठेचाळीस वॉट-तास वीज मावायची, आता तेराच मावते.

"सापडलं!" रुख्मिणीने मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि जुनी बॅटरी पिशवीत घालून मायलेकी एसटीने रिसोडला गेल्या. दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. "काकू, हा डबा फेका. नवाच घ्या."

"मोटार जळाली तर तुमी विहीर बुजवता काय?"

तो हसला आणि आतून एक बॅटरी घेऊन आला. रुख्मिणीने चष्मा चढवून दोन्हींवरचे आकडे जुळवले. "दादा, आमच्या बॅटरीवर अकरा व्होल्ट लिवलं हाये, यावर चौदा. हे कायले देता?"

दुकानदाराने वाकून पाहिलं आणि जीभ चावली. बॉक्सची अदलाबदल झाली होती. मग बरोबर बॅटरी आली, बसवली, आणि तिथेच अहवाल काढून पाहिल्याशिवाय रुख्मिणी खुर्चीवरून उठली नाही. तोवर तिचा कान दुकानातल्या पंख्याकडे लागलेला. "हा घरघर करून राह्यला. कपॅसिटर बदला." दुकानदाराने चहाच मागवला.

रविवारी सकाळी तिघंही निघाली. पुंजाजी विहिरीत दोर सोडायचा, रुख्मिणी दोरावरची खूण मोजायची, निकिता आकडा भरायची. अकरावी विहीर, म्हणजे त्यांची स्वतःची, संपली तेव्हाही लॅपटॉप तासभर चालेल इतका भरलेला होता. निकिताने तो बांधावर ठेवून बापाला नकाशा दाखवला.

पुंजाजी डोळे बारीक करून निळा ठिपका पाहत राहिला. "हे आपली? एवढीशी?"

"हो बाबा."

"अन् बाजूचा लिंब कुठं गेला?"

नकाशात झाडं दाखवायची नव्हती. तरी निकिताने ठिपक्याशेजारी एक हिरवा ठिपका टाकला, आणि पुंजाजी समाधानाने दोर गुंडाळायला लागला.