शाल, नारळ आणि भरपाई

आष्टीजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी अकरा वर्षं नोकरी केली. गावोगावचं दूध यायचं, त्याचा फॅट तपासायचं काम माझं. एका सकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की केंद्र बंद होतंय, काम नगरकडच्या मोठ्या प्लांटला जाणार. मग गुलाबजामसकट जेवण दिलं आणि प्रत्येकाच्या हातात शाल-नारळ ठेवला.

"आपण एका कुटुंबासारखे राहिलो," मालक म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. माझ्या मुलीच्या बारशाला ते आवर्जून आले होते. म्हणून मॅनेजरनं राजीनाम्याचे छापील कागद वाटले, तेव्हा मी पेन काढलंसुद्धा.

माझ्या शेजारी यंत्रं सांभाळणारे चाचा बसले होते. तोंडातला गुलाबजाम गिळून ते उठले.

"मालक, कुटुंब म्हनता ना? मग भाऊ येगळा निगाला तर त्याला वाटनी देत्यात. आमची वाटनी कुठं हाय?"

मला एकदम हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. मालकही हसले, मॅनेजर तेवढा हसला नाही. सही मात्र कुणी केली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "चाचा, कायदा म्हाईत हाय का तुमाला?"

"न्हाई बा. पन आपन कुठं नोकरी सोडतोय? तेच काढायलेत. मग राजीनामा आपन काहून द्यायचा?"

दोन दिवसांनी आम्ही पाच जण एसटीनं बीडला, कामगार कार्यालयात निघालो. चाचांनी आपला नारळ सोबत आणला होता. बसस्टँडवर तो फोडून आम्ही गुळाबरोबर खाल्ला आणि सहलीला आल्यासारखे गप्पा मारत कार्यालयात शिरलो.

तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "राजीनामा दिलात का?"

"न्हाई."

"बरं केलंत. दिला असता तर भरपाई बुडाली असती. आता ऐका. एक महिन्याची नोटीस, नाहीतर त्या महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. मागायला लाजू नका, हे बक्षीस नाही."

मॅडमनी मालकांना बोलावून घेतलं. ते आले ते रागातच.

"मी तुम्हाला जेवू घातलं, आणि तुम्ही मला इथं आणलं?"

त्यांच्यासमोर एवढ्या वर्षांत मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "जेवन लई चांगलं होतं, मालक. पन पुढच्या महिन्यात चूल पेटवायची हाय."

ते खुर्ची ओढून बसले. मग मॅडमना म्हणाले, "मला वाटलं होतं, शाल-नारळावर भागेल. किती होतात ते सांगा."

रक्कम बँकेत यायला दीड-दोन महिने लागले, पण पुरी आली. चाचांनी फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं. मालकांचा घरचा फ्रीजही तिथंच येतो म्हणे. मी जुनी स्कूटी घेतली. सासूबाईंना मागं बसवून बाजाराला गेले, तर गल्लीभर त्या ओळखीच्या प्रत्येकाला हात करत होत्या.

पुढं मला कडा गावातल्या एका डेअरीत काम मिळालं. पहिल्याच दिवशी मी नेमणूकपत्र मागितलं.

"ताई, आधी चहा तर घ्या," नवे मालक म्हणाले.

चहा घेतला. पत्र मिळेपर्यंत दुसरा कपही घेतला.