तानूबाईंच्या बोटातले जंतू

लोणी भापकरच्या शिवारात हिंदुराव आबांची पोल्ट्री आहे. तानूबाई तिथं सहा वर्षं कामाला होत्या. त्यांचं घर पूर्वी मेंढरं राखणारं, त्यामुळं लेंड्या-मुताचा वास त्यांना नवा नव्हता. पण पोल्ट्रीतली घाण निराळी. खाली अंथरलेल्या ओल्या तुसाची वाफ डोळ्यांत चरचरायची, मेलेलं पिल्लू उचलताना त्याचं पोट बोटांखाली फुटायचं. मेलेली पिल्लं उजव्या हातानं उचलायची, म्हणून तानूबाई भाकरी डाव्या हातानं मोडत.

एका कामाची मात्र त्यांना कधी किळस आली नाही. पिल्लं शिंकायला लागली की आबा औषधाची बाटली देत आणि त्या ते पिल्लांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ओतत. पुढं शिंकायची वाट कुणी बघेना. नवी पिल्लं उतरली की औषध, महिनाभरानं पुन्हा औषध.

गेल्या दिवाळीनंतर जाळीची तार त्यांच्या मधल्या बोटात घुसली. बोट सुजलं, पिकलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तरी आठवड्यात पू वाढतच गेला. फडकं सोडलं की वासानं त्यांनाच मळमळायचं. सुनेनं, मोनानं, त्यांचं ताट वेगळं केलं. तिचं काही चुकलं असं तानूबाईंनाही वाटलं नाही.

शेवटी बारामतीत पू तपासायला दिला. तिसऱ्या दिवशी अहवाल आणायला गेल्या, तेव्हा लॅबमधल्या माधवी मॅडमनी त्यांना एक झाकलेली काचेची बशी दाखवली. आत जंतूंचा मळकट थर होता आणि त्यावर औषधाच्या पांढऱ्या टिकल्या. काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल पडले होते. एका टिकलीला मात्र जंतू अगदी चिकटून वाढले होते.

"ह्ये माझ्या बोटातलं?"

"होय मावशी. या टिकलीतलं औषध तुम्ही गोळ्यांतून घेतलंत. जंतूंवर काही परिणाम झाला नाही. कुठं काम करता?"

तानूबाईंनी पोल्ट्रीचं सांगितलं, बाटलीचंही. मॅडमनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. तीच बाटली.

"हे तुमच्या गोळ्यांतल्याच जातीचं औषध आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सुतळीचे दोन तुकडे घेतले आणि एकमेकांत अडकलेली दोन कडी बांधली. "जंतूच्या अंगात असा एक गोल दोरा असतो. तो कसा जगणार, ते सगळं त्यात असतं. एकाचे दोन व्हायचं तर आधी दोऱ्याची नक्कल होते. पण दोन्ही दोरे असे गुंतलेले राहतात. सोडवून बघा."

तानूबाईंनी ओढून बघितलं. सुटेना.

"मग त्ये सुटत्यात कसं?"

"जंतूकडं कातरीसारखं काहीतरी असतं. ते एक दोरा कापतं, दुसरा त्यातून पार करतं, कापलेला परत जोडतं. मग एक दोरा इकडं, एक तिकडं सरकतो, मधे भिंत येते. अर्ध्या तासात एकाचे दोन. हे औषध ती कातरीच अडकवतं. दोरे सुटले नाहीत की जंतू मरतो."

"ह्ये तर मेलं न्हाईत."

"सारखं औषध मिळालं की साधे जंतू मरतात. ज्याची कातरी जरा वेगळी, औषधाच्या तावडीत न सापडणारी, तो उरतो. मग त्याचीच पैदास."

"आमच्या शेडातनं आलं?"

"ते छातीठोक नाही सांगता येणार. पण तिथं असेच जंतू पोसले जात असणार."

तानूबाई बाहेर आल्या आणि गटारीकडेला बसून ओकल्या. जे काम त्या स्वच्छ समजत होत्या, त्याचीच आता त्यांना शिसारी आली. सहा वर्षं याच हातांनी ओतलं होतं.

दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं घेतल्यावर बोट वाचलं, पण वाकडं राहिलं. त्या आबांकडं गेल्या.

"आबा, पिल्लं आजारी नसताना त्ये औषद वतू नका."

"सगळेच वतत्यात, तानूबाई. तुमचं बोट बरं झालं न्हवं? मग कशाला उकरताय?" आबांनी पाय बांधलेल्या दोन कोंबड्या पुढं सरकवल्या. "न्या. अंगात ताकद येईल."

कोंबड्यांच्या पोटाखाली विष्ठा वाळून चिकटली होती. तानूबाईंनी त्या तशाच परत सरकवल्या.

"तुमीच खावा," त्या म्हणाल्या आणि निघाल्या. पुन्हा कामाला गेल्या नाहीत.

आता त्या कन्हेरी गावाला उसाच्या खुरपणीला जातात. पोल्ट्रीत त्यांच्या जागी त्यांची जाऊ दगडाबाई कामाला लागली. तानूबाईंनी तिला घरी जाऊन सगळं सांगितलं.

"मालक देत्यात, मी वतते," दगडाबाई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

तानूबाई रागावल्या नाहीत. वर्षापूर्वी त्यांनीही हेच म्हटलं असतं. दगडाबाईनं चहा पुढं केला. तानूबाईंनी कप हातात घेतला, तिच्या बोटांकडं पाहिलं आणि तो तसाच खाली ठेवला.