यमुनेचा वैरी

माझ्या बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, "तुझ्याकडे सांगायला एवढं साठतं तरी कसं गं?" अगं, साठवत कोण बसलंय! जुनी पुस्तकं जमवणाऱ्या चार माणसांत उठबस ठेवा, किस्से झुरळांसारखे आपोआप घरात शिरतात. एकाला हुसकावलं की फळीमागून दुसरा निघतो. आणि हसू येतं म्हणाल, तर मला तरी तेव्हा धक्केच बसत आलेत.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सुरतेत आमची चौघांची टोळी होती. अण्णा म्हणजे मराठी शाळेतून रिटायर झालेले मास्तर. बैठक त्यांच्याच घरी. पाटीलभाऊ मूळचे पारोळ्याकडचे, राहायला लिंबायतला, नोकरीला सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापडाच्या प्रोसेस मिलमध्ये सुपरवायझर. जयेशभाई जरीचे व्यापारी, पक्के सुरती. आणि मी, जुन्या पाककृतींच्या छापील चोपड्यांच्या नादी लागलेली बाई.

महिन्यातून एका रविवारी लिलाव. पण पैशाची बोली लावायची नाही! पैसा आला की दर वेळी जयेशभाईच जिंकणार, हे उघड होतं. म्हणून पुस्तकाला पुस्तक. तुम्हाला हवं ते टेबलावर असेल, तर समोर आपली पुस्तकं रचायची, आणि मालकाला आवडेल त्या ढिगावर अण्णांचा लाकडी रूळ पडायचा.

दुसरा नियम अण्णांचा लाडका. दोष आधी, कौतुक नंतर. "कव्हर नाही. तिसरं पान फाटकं. रॉकेलचा वास येतो. बोला!" इतकं खरं बोलणारा लिलाववाला अख्ख्या गुजरातेत सापडला नसता.

आणि तिसरा नियम, सूनमुख. या बैठकीत मिळवलेलं पुस्तक पुढच्या बैठकीत आणून सगळ्यांना दाखवायचं, वाचू द्यायचं, दोष पुन्हा सांगायचे. नवी सून घरात आली की तोंड दाखवायला नको का? काकू, म्हणजे अण्णांची बायको, पुस्तकांच्या नावाने बोटं मोडायच्या. पण सूनमुखाच्या दिवशी हौसेने अण्णांच्या आजोबांच्या घरातली मोत्यांची नथ घालून चहा आणायच्या.

* * *

या सगळ्या खटाटोपामागे अण्णांचं एकच दुखणं होतं.

त्यांच्या आजोबांनी एक कादंबरी लिहिली होती. 'मोत्यांची नथ अथवा यमुनेचा वैरी कोण?' पदरमोड करून धुळ्याला छापलेली, अंगाने बारीकशी. यमुना नावाची तरुण बायको एका सकाळी विहिरीत सापडते. नाकातली नथ गायब! संशय दिरावर, गावच्या वैद्यावर, नवऱ्यावर. शेवटी वैद्य चावडीवर उभा राहतो, "मी सांगतो" म्हणून तोंड उघडतो, आणि अण्णांची प्रत संपते. पुढची पानंच नाहीत!

"वाळवी," अण्णा सांगायचे. "वडीलही तेच सांगायचे."

दुसरी प्रत घरात नव्हती. छपाईच्या चुका फार झाल्या म्हणून आजोबांनी उरलेला गठ्ठा बंबात घातला होता म्हणे. त्यांची पहिली बायको ऐन तारुण्यात गेली, तिच्याच नथीवरून, काकू घालायच्या त्याच, नाव सुचलं, असंही घरात सांगत. अण्णांनी लहानपणापासून ते अर्धं पुस्तक पाठ केलं होतं. "मरायच्या आधी एवढं कळू दे," म्हणायचे. "आजोबांनी चोर कोण ठरवला?"

पाटीलभाऊंचा संशय दिरावर. माझा वैद्यावर, फार गोड बोलतो मेला. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नवऱ्यानेच ढकललं असणार! दुसऱ्या कोणाला एवढी फुरसत?"

* * *

जयेशभाईंना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांना वेड कागदाचं, शाईचं, चित्रांचं. एका लिलावात त्यांनी जुनं चोपडं मिळवलं. मुखपृष्ठावर कमळात उभी बाई, डोक्यामागे तेज, हातात कलश. केवढे खूश!

पुढे मी एकदा त्यांच्या दुकानात गेले, तर ते सुटं झालेलं मुखपृष्ठ फ्रेम करून गादीच्या वर टांगलेलं! हार घातलेला. उदबत्ती चालू. गिऱ्हाईकं येता-जाता हात जोडत होती. मी चष्मा लावून खालचा बारीक मजकूर पहिल्यांदाच वाचला आणि मला घामच फुटला. मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात!

मी हळूच सांगितलं. वाटलं, बिचारे शरमेने अर्धे होतील. त्यांनी फ्रेमकडे वळून पुन्हा हात जोडले.

"तो शुं थयुं, बेन? धंधो तो वध्यो छे!"

धंदा वाढलाय म्हणे! ती देवी अजून तिथेच असेल.

* * *

एकदा बडोद्याकडचे एक विद्वान गृहस्थ पाहुणे म्हणून आले. कोट, टाय, बोलणं अगदी साखरेसारखं. पुस्तकं चाळता चाळता त्यांच्या बाहीतून काहीतरी चमकलं. दाढीचं ब्लेड! अण्णांच्या पुस्तकातलं एक चित्र त्यांच्या खिशात अर्धं गेलंसुद्धा होतं.

अण्णांनी आवाज चढवला नाही. उठले, चित्र काढून घेतलं. मग त्या गृहस्थांच्या हातातला कप काढून घेतला. त्यात अर्धा चहा शिल्लक होता हो!

"पुस्तकाला ब्लेड लावणाऱ्याला माझ्या घरात चहा नाही."

गृहस्थ जिन्यावरून उतरेपर्यंत अण्णा दारात कप धरून उभे होते. आम्ही आपली बिस्किटं खाल्ली.

त्याच दिवशी, वातावरण जरा निवळावं म्हणून, जयेशभाईंनी अण्णांची ती 'मोत्यांची नथ' हातात घेतली. शिवणीजवळ बोट फिरवलं. नको तेव्हा नको ते बोलायची खोड माणसाला असते.

"अण्णासाहेब, आ उधई नथी," ते म्हणाले. उधई म्हणजे वाळवी. "वाळवी अशी सीधी लाइनमध्ये खाते? आ ब्लेड छे."

अण्णा लालबुंद झाले. "माझ्या वडिलांनी पुस्तक कापलं म्हणता? त्यांनी आयुष्यात साधं पान दुमडलं नाही!"

जयेशभाईंनी कान पकडले. त्या दिवसापासून तो विषय बंद झाला.

* * *

पाटीलभाऊंची तऱ्हाच निराळी. त्यांना 'दारूचे दुष्परिणाम' सांगणारं एक जुनं चोपडं मिळालं, पण कागद असा चुरगळलेला की बघवेना. भल्या माणसाने काय करावं? मिलमध्ये कापडाला इस्त्री करणारे मोठाले गरम रूळ असतात, त्यांतून एकेक पान फिरवलं! पानं निघाली नव्या नोटेसारखी.

मागोमाग रुळांवर कोरं कापड आलं. साड्यांचं, पांढरंशुभ्र. आणि कापडावर ओळीच्या ओळी उमटत निघाल्या. फिकट, पण मराठी! पदरापासून काठापर्यंत दारूचे दुष्परिणाम!

"मना तं जीवच उडी गया!" पाटीलभाऊ सांगत होते. "म्हटलं, गयी नोकरी."

ज्याचं कापड तो व्यापारी आला. कापड हातात घेऊन उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. पाटीलभाऊ घरी बायकोला काय सांगायचं ते मनात जुळवत उभे होते.

"नवी डिझाइन आहे?" व्यापारी म्हणाला. "अजून काढा!"

तो माल हातोहात संपला. कुठल्या तरी लग्नात बायका तो उपदेश नेसून मिरवल्या असणार, आणि मांडवामागे पुरुष... जाऊ द्या.

* * *

आता हे ऐका. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची आवई उठली तेव्हा काय पळापळ झाली, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. आम्ही सगळे भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसेबसे कोंबले गेलो. अण्णांनी एक जड ट्रंक छातीशी धरलेली. काकूंना वाटलं, निघताना नवऱ्याने कपडे तरी नीट भरले.

अण्णांना राहवलं नाही. ट्रंक उघडून त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं प्लेगविषयीचं पत्रक काढलं आणि डब्याला माहिती व्हावी म्हणून मोठ्याने वाचू लागले. "प्रथम थंडी वाजते. मग काखेत गाठ येते." एवढ्यात जुन्या कागदाची धूळ त्यांच्या घशात गेली. ते खोकले! पुन्हा खोकले!

देवाशपथ सांगते, पुढच्या स्टेशनवर अख्खा डबा रिकामा झाला. लोक खिडक्यांतून उतरले हो! आम्ही अमळनेरपर्यंत पाय पसरून गेलो.

मग काकूंनी साडी काढायला ट्रंकेत हात घातला. आत नुसती पुस्तकं! वर 'मोत्यांची नथ', खाली बाकीची. एक परकरसुद्धा नाही! काकूंनी ट्रंकेचं झाकण आपटलं.

"प्लेग परवडला," त्या म्हणाल्या.

* * *

शहर पुन्हा मार्गी लागलं, आणि एका रविवारी पाटीलभाऊ धापा टाकत आले. कडोदऱ्याला रद्दीचं मोठं गोडाऊन आहे, खानदेशातनं ट्रक येतात. त्यांनी टेबलावर पुडकं सोडलं. 'मोत्यांची नथ अथवा यमुनेचा वैरी कोण?' पूर्ण प्रत!

अण्णा खुर्चीत बसले ते उठेचनात.

"मग शेवट काय?" मी ओरडलेच. "पाटीलभाऊ, तुम्ही वाचलाच असेल!"

"कसा वाचणार, ताई? शेवटची पानं कापेलच नाहीत." जुन्या पुस्तकांत असं असतं. छापलेला मोठा कागद दुमडून शिवतात, आणि कडा कापायच्या राहिल्या की पानं पाकिटासारखी बंद. अशी पानं फक्त घेणाऱ्यानेच कापायची, हाही आमचा नियम. मी घडीला डोळा लावून पाहिलं. 'क्षमा' एवढाच शब्द दिसला, तोवर पाटीलभाऊंनी हातावर चापट मारली.

अण्णांच्या समोर कोण बोली लावणार? अण्णांनी आपली दोन चांगली पुस्तकं ठेवली, पाटीलभाऊ हसून "दिलं" म्हणणार, तेवढ्यात जयेशभाईंनी समोर चार ठेवली.

मी तर चाटच पडले. "जयेशभाई, अहो, अण्णांचं पुस्तक आहे ते!"

"नियम म्हणजे नियम, बेन," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

अण्णांनी आणखी ठेवली. जयेशभाईंनी ड्रायव्हरला पाठवून गाडीतली पेटी मागवली. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही, तो माणूस! अण्णांचं कपाट रिकामं होत गेलं, एकेक खण, जन्माची कमाई. "अण्णासाहेब, जवा दो," जयेशभाई मध्येच हळूच म्हणाले. "राहू दे. बंद आहे तेच बरं आहे." अण्णांनी शेवटच्या खणात हात घातला. जयेशभाईंनी पेटीतली शेवटची थप्पी ठेवली. आता अण्णांकडे ठेवायला काही उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून काकू आल्या. पदराला हात पुसत कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"पाटीलभाऊ, हे कपाटही घेऊन जा. माहेरचं आहे. पण यांना पुस्तक द्या!"

जयेशभाईंनी मान खाली घातली आणि आपली थप्पी मागे ओढली. रूळ पडला. अण्णा लहान मुलासारखे रडत होते. पानं इथेच कापा म्हणून आम्ही ओरडत होतो, पण त्यांनी पुस्तक छातीशी धरलं. "आजोबांच्या फोटोसमोर कापीन. सूनमुखाला सगळं सांगतो."

त्यानंतर महिनाभर मी जयेशभाईंशी बोलले नाही.

* * *

सूनमुखाचा रविवार. मी पेढे घेऊन गेले होते. पाटीलभाऊ दिरावर पैज लावून बसलेले. जयेशभाई कोपऱ्यात.

अण्णा आले. दाढी वाढलेली. पुस्तक टेबलावर ठेवलं, रूळ हातात घेतला, आणि नेहमीसारखं म्हणाले, "दोष आधी."

आम्ही हसलो. पूर्ण प्रतीला कसला दोष!

"शेवटची पानं नाहीत."

पाटीलभाऊ उभे राहिले. "अण्णा, मी दिधी तवा व्हती ना! बंद व्हती, पण व्हती!"

"वाळवी," अण्णा म्हणाले.

"एका महिन्यात? तुमच्या घरात?"

अण्णांनी रूळ टेबलावर ठेवला. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. सूनमुख असून त्यांच्या नाकात ती मोत्यांची नथ नव्हती.

मी पुस्तकाकडे हात नेला, पण माझ्याआधी जयेशभाईंनी ते ओढून घेतलं. उघडलं. शिवणीजवळ बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. मी शेजारीच होते, मला कड दिसत होती. पट्टी लावून कापावी तशी सरळ.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि अण्णांच्या हातावर हात ठेवला.

"हा, अण्णासाहेब," ते म्हणाले. "उधईज छे."