लिंगेनचे डोंगर पाहण्यासाठी

ओइवा लान्तो याने उमेदीची सगळी वर्षे एकाच रस्त्यावर टपालाची बस चालवण्यात घालवली. सकाळी फिनलंडमधल्या मुओनियोहून निघायचे, नदी डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे जायचे, किल्पिसयार्वीच्या तळ्याकाठी थैल्या आणि माणसे उतरवायची, उभ्याउभ्या कॉफी घ्यायची आणि गाडी वळवायची. तळ्याच्या पुढे थोड्याच अंतरावर नॉर्वेची हद्द होती. तिथून रस्ता दरीत उतरत उतरत स्किबोत्न गावाशी समुद्राला मिळतो. त्या उतारावर ओइवाने कधी चाक घातले नव्हते. बस तळ्यापर्यंतच जात असे, आणि बस जाईल तिथवरच जाणारा तो माणूस होता.

निवृत्तीनंतर मात्र दर जानेवारीत, दडून बसलेला सूर्य पुन्हा डोकावू लागला की, तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरी. बेत दरवर्षी तोच असे. हद्द ओलांडून स्किबोत्न, तिथून लिंगेनच्या खाडीकाठाने नार्विक, मग वर चढून स्वीडनमध्ये, अबिस्कोच्या गोठलेल्या तळ्याला वळसा घालून किरुना, आणि शेवटी नदीवरच्या पुलावरून घर. पाण्यातून सरळ उभे राहिलेले लिंगेनचे डोंगर बर्फ असतानाच पाहायला हवेत, उन्हाळ्यात काय, कोणीही पाहतो, असे तो पुन्हा पुन्हा सांगे.

शेजारचा कौको शनिवारी सौनाच्या वाफस्नानासाठी आला की हा नकाशा पाहून त्याच्या चेष्टेला ऊत येई.

"काय रे ओइवा, गेल्या हिवाळ्यात तू अबिस्कोपर्यंत पोचला होतास ना? साखरेच्या भांड्यापाशी?"

"थंडी फार होती. बॅटरी बसली."

"टेबलाला बॅटरी असते, हे मला ठाऊक नव्हतं!"

ओइवा हसे. त्याची बायको हेल्लिन हसत नसे. स्किबोत्नमध्ये कोण राहते, हे तिला ठाऊक होते. तसे ते कौकोलाही ठाऊक होते. म्हणूनच तो बॅटरीवरून चेष्टा करी आणि गावाचे नाव तोंडातून काढत नसे.

त्यांचा एकुलता एक मुलगा इल्पो तरुणपणीच नॉर्वेच्या मासेमारी बोटींवर गेला होता आणि स्किबोत्नमध्ये घर करून राहिला होता. दहाएक वर्षांपूर्वी ओइवाचे वडील वारले ते ऐन फेब्रुवारीत, कॉड माशांचा हंगाम भरात असताना. बोट सोडून येता येणार नाही, असे इल्पोने फोनवर सांगितले. ओइवा म्हणाला, "मग माझ्या वेळीही येऊ नकोस." एवढेच. आवाजही चढवला नव्हता. रागाच्या भरात बोललेले शब्द माणूस पुढे मागे घेऊ शकतो. हे शब्द मात्र थंडपणे उच्चारलेले होते, आणि दोघांनीही ते तसेच राहू दिले. हेल्लिन वर्षातून एकदा प्रवासी बसने मुलाकडे जाऊन येई. परतल्यावर ओइवा विचारी, "रस्ता कसा होता?" ती रस्ता कसा होता ते सांगे.

मग एका वर्षी, सकाळची कॉफी ओतताना, हेल्लिनने बातमी दिली. इल्पोने घर विकले होते. आइसलंडमधल्या एका बोटीत त्याने भागीदारी घेतली होती आणि शनिवारी पहाटे तो कायमचा निघणार होता. तिने शरद ऋतूतच त्याचा निरोप घेतला होता. ओइवाला सांगायचे तेवढे राहिले होते.

ओइवाने तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीच्या पेल्यात चीजचा तुकडा सोडला, तो मऊ होईपर्यंत पाहत राहिला, खाल्ला नाही.

"शुक्रवारी जरा उघडीप दिसतेय," तो म्हणाला. "लिंगेनचे डोंगर बघून यावेत म्हणतो."

"बघून ये की."

"तू येतेस?"

"येते. तू निघालायस एवढं मी त्याला कळवीन. पण पुढचं तुझं तू बोलायचंस, ओइवा. तुम्हा दोघांच्या मधे बसून माझी जीभ झिजली. एक शब्दही आता मी तुझ्यासाठी उच्चारणार नाही."

"डोंगरांशी काय बोलायचंय?" ओइवा म्हणाला.

शुक्रवारी अंधारातच त्याने इंजिन गरम ठेवणारी तार भिंतीतून काढली. फावडे, कांबळी, थर्मास, राय धान्याची भाकरी, वाफवलेला मासा, सगळे त्याने आदल्या दिवशीच रचून ठेवले होते. तळ्यापर्यंत आभाळ स्वच्छ होते. किल्पिसयार्वी मागे पडले तेव्हा त्याने वेग जरा कमी केला, जणू पायच आपण होऊन गाडी वळवू पाहत होता. मग ती वळण्याची जागाही मागे पडली.

हद्दीपलीकडे रस्त्यावरचा अडसर खाली होता. दरीतून वारा इतक्या जोराने वर येत होता की पुढची गाडी मधूनच नाहीशी होई. अशा दिवशी तिकडे एकट्याने जाऊ देत नाहीत. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे रांग लावून नेतात, आणि रांगेत किती गाड्या घ्यायच्या ते त्या गाडीचा माणूस ठरवतो. पुढे मासे आणायला चाललेले ट्रक उभे होते. त्यांच्या मागे एका परिचारिकेची छोटी गाडी, आणि मग ओइवा.

तो माणूस वाकून एकेका खिडकीशी थांबत आला. नाव टोर्लाइफ म्हणाला. त्याची आजी फिनिश बोलत असावी, कारण त्याचे शब्द शुद्ध पण फार जुने होते.

"काका, अजून एकच छोटी गाडी घेतोय आज. तुमच्या मागे तिघं आहेत. तातडीचं काय आहे?"

ओइवाने काच आणखी थोडी खाली केली. बर्फ आत आले.

"कुणी आजारी? कुणी वाट बघतंय?" टोर्लाइफने आवाज चढवून विचारले. "खाली आहे का कुणी तुमचं?"

हेल्लिनने मांडीवरचे हातमोजे एकमेकांवर ठेवले. ती समोर पाहत होती. ओइवाचे ओठ उघडले. ज्याला उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागावे लागले नव्हते, अशा माणसाला 'माझा मुलगा आहे' हे तीन शब्द वाऱ्यात, अनोळखी माणसासमोर, ओरडून सांगायचे होते.

"नाही," तो म्हणाला. "सहजच. डोंगर बघायला."

टोर्लाइफ हसला. त्या हसण्यात खोच नव्हती. "अहो काका, मी त्या डोंगरांत राहतो, आणि आज मलाही ते दिसत नाहीयेत! वारा रविवारपर्यंत पडायचा नाही. त्यानंतर या, निवांत बघा." त्याने छतावर थाप मारली आणि तो मागच्या गाडीकडे गेला.

मागची गाडी वळसा घालून पुढे झाली. अडसर वर गेला. लाल दिवे एकामागोमाग पांढऱ्यात शिरले, आणि अडसर खाली आला.

"तो विचारत होता," हेल्लिन म्हणाली.

"ऐकलं मी."

"दोनदा विचारलं त्याने."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाडीत इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

"आई, मी खाली स्किबोत्नच्या नाक्यावर, पेट्रोलपंपाशी आहे. सकाळपासून. टोर्लाइफ रांग घेऊन निघाला म्हणून आत्ताच इथे सांगितलं. तुम्ही त्याच्या मागे आहात ना?"

हेल्लिनने फोन ओइवासमोर धरला. गाडी उभी होती, इंजिन नुसते चालू होते. तरी त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. वळणावर गाडी घसरू लागली की धरतो तसे त्याने ते घट्ट धरले होते.

शेवटी तिने तो परत कानाला लावला.

"जागा नव्हती रे," ती म्हणाली.

पलीकडे एक ट्रक जवळून गेल्याचा आवाज आला.

"बरं," इल्पो म्हणाला. "बोटीवर सामान चढवायचंय अजून. निघतो मग मी."