हबीब मिस्त्री आणि सत्तेचाळीस माणसं

पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्या हबीब मिस्त्रींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण जगात कुठे कोणाला शार्क चावला, हे गावात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

कारण त्यांची मुलगी नुजहत. ती नर्स होऊन ऑस्ट्रेलियात, पर्थच्या एका दवाखान्यात लागली आणि तिसऱ्याच महिन्यात तिने समुद्रात उभं राहून काढलेला फोटो पाठवला. मिस्त्रींनी फोटो मोठा करून तिच्या मागचं पाणी तपासलं.

तेव्हापासून सुरू झालं. मोबाइलवर शार्कची एक बातमी उघडली की मोबाइल आणखी दहा दाखवायचा. ब्राझील असो की इजिप्त, मिस्त्री पाना खाली ठेवून फोन लावायचे.

"तू पाण्यात नाहीस ना?"

"अब्बा, ड्यूटीवर हाये मी. सलाईन लावून राह्यली."

हे दिवसातून तीनदा. बायको शमसुन्निसा कपाळ बडवायची. "इजिप्त कुठं अन् पोरगी कुठं! इथं टिपेश्वरच्या जंगलातला वाघ शेतात येते, त्याच रस्त्यानं तुम्ही पहाटे गाडीवर जाता. तवा भेव नाही वाटत?"

"वाघ दिसते तरी," मिस्त्री म्हणायचे.

वैतागून नुजहतने आकडाच पाठवला. २०२४ साली साऱ्या जगात शार्क आपणहून माणसाला चावल्याच्या नोंदी सत्तेचाळीस. त्यात मेले चार. मिस्त्रींनी तो आकडा पाटे बदलायला थांबलेल्या डोंगरसिंग ड्रायव्हरला वाचून दाखवला. तो हसला. "एवढे तं आपल्या हायवेवर मरतेत, मिस्त्री."

"सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस घरं!" मिस्त्री उसळले. "त्या चौघांच्या बापालेही कोणी असाच आकडा सांगितला असन."

डोंगरसिंगने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि पाट्याचं काम कुठवर आलं ते पाहायला गेला.

मग एका दुपारी नुजहतचा फोन लागेना. मिस्त्रींनी थेट दवाखान्यात फोन लावला आणि होतं तेवढं इंग्रजी गोळा करून सांगितलं, "माय डॉटर, शार्क, अर्जंट." पलीकडच्या बाईने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी "येस" म्हटलं.

संध्याकाळी नुजहतचा फोन आला. आवाज रागाने कापत होता. "दोन डॉक्टर अन् तीन नर्सा स्ट्रेचर घेऊन दारात उभ्या होत्या, अब्बा! शार्कचा पेशंट येते म्हणून! अन् मी समुद्रात कायले जाते, कधी इचारलं? मले पोहता येत नाही. बुडालेली माणसं पाह्यली मी इथं, म्हणून पोहायचा क्लास लावला, दर रविवारी. बाई शिकवते, हात धरून."

शमसुन्निसाने फोन ओढून घेतला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पोरीने दर रविवारी पाण्याबाहेर आल्यावर 'आली' एवढा मेसेज करायचा, आणि बापाने तिच्या ड्यूटीत फोन करायचा नाही.

सात रविवार पाळले गेले. मेसेज येईस्तोवर मिस्त्री घास घेत नसत, ही गोष्ट वेगळी. आठव्या रविवारी मेसेज तासभर उशिरा आला, आणि त्यांनी फोन लावलाच.

"अब्बा! आली म्हणून लिहिलं ना?"

"वाचलं. शार्कचं नाही इचारून राह्यलो."

"मंग?"

"पाणी नाकात गेलं तं लय झोंबते का?"

नुजहत सांगायला लागली, आणि सांगतच राहिली. आतून शमसुन्निसाने ताट आपटलं. "आता तरी जेवा!"